रणभूमीवरून आलेल्या पत्रांतील रान

युद्धाचे इतिहास बहुधा सेनापतींच्या खलित्यांवरून रचिले जातात. शिपायाने घरी धाडलेल्या पत्रास त्या ग्रंथांत तळटिपेपलीकडे क्वचितच जागा मिळते. परंतु वडुजास बसून या विषयावर चार शब्द लिहावयाचे तर हा क्रम उलटा करणे प्राप्त आहे; कारण खटाव व माण या तालुक्यांतून खलिते लिहिणारे गेले नाहीत, पत्रे धाडणारे गेले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एकाच गावातले ४६ पुरुष पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि त्यांच्या स्मरणार्थ सरकारने तेथे स्मृतिस्तंभ उभारिला, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक आहे. स्तंभावर संख्या कोरिता येते. तो मनुष्य परमुलुखात उभा राहून काय पाहत होता, हे मात्र दगड सांगत नाही. ते पत्र सांगते.

वाचकहो, आपली ही भूमी कशी आहे हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. जिल्हा एकच, पण महाबळेश्वरी दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो आणि येरळेच्या काठी वर्षाकाठी वीस इंचांच्या आसपास पडला तरी शेतकरी देवाचे आभार मानतो. १८७६-७८, १८९६-९७, १८९९-१९०० असे दुष्काळ पाठोपाठ सोसलेल्या घरांतील तरुणास पलटणीतील दरमहा अकरा रुपये हे केवळ वेतन नव्हते. तो पावसाविना येणारा पाऊस होता. म्हणून तो भरती झाला. ज्याने जन्मभर आभाळाकडे डोळे लावून दिवस काढिले, हस्ताचा पाऊस चुकला की शाळूचे काय होते हे ज्याने पोटावर अनुभविले, तो मनुष्य बोटीतून मार्सेय बंदरी उतरल्यावर सर्वांत आधी जमिनीकडे व ढगांकडे पाहील, यात नवल ते काय?

हिंदी फौजेची पहिली तुकडी २६ सप्टेंबर १९१४ रोजी मार्सेय येथे उतरली. महिना लोटतो न लोटतो तोच खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या विसाव्या व एकविसाव्या कंपन्या न्यूव्ह शापेल गावावरील हल्ल्यात उतरल्या. त्या कंपन्यांत मराठे होते, शीख होते, मुसलमान होते. २८ ऑक्टोबरच्या त्या एका दिवशी त्यांचे बहुतेक सारे गोरे अधिकारी पडले किंवा जायबंदी झाले. त्या गावाभोवतालची जमीन सखल, पाणथळ व चिकट मातीची. काळ्या रानात पावसाळ्यात गाडी रुतल्यावर बैलांना काय यातना होतात हे ज्यास ठाऊक, त्यास त्या चिखलाचे वेगळे वर्णन ऐकण्याची गरज नव्हती. त्याच गावी १९२७ मध्ये उभारलेल्या हिंदी स्मारकावर साडेचार हजारांहून अधिक नावे आहेत.

आता पत्रांकडे वळू. १९१५ च्या मार्चच्या सुमारास फ्रान्समधील हिंदी शिपाई आठवड्यास दहा ते वीस हजार पत्रे लिहीत होते. यांपैकी बहुतेकांस अक्षरओळख नव्हती, हे लक्षात ठेविले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. एकाने सांगावे, दुसऱ्याने लिहावे, असा तो व्यवहार. कंपनीतला एखादा शिकलेला नाईक किंवा कारकून पाय दुमडून बसे, भोवती दहा जण आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे. पत्र गावी पोहोचल्यावर पुन्हा तोच प्रकार उलट्या दिशेने: शाळामास्तर, कुलकर्णी किंवा टपाल आणणाराच ते मोठ्याने वाची आणि सगळी आळी ऐके. पत्र दोनदा बोलले जाई व दोन्ही वेळा चारचौघांत बोलले जाई. ‘तीर्थरूप आबांचे सेवेसी बालके साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ येथून ते सुरू व्हावयाचे, आणि ‘इकडील सर्व क्षेम’ हे शब्द खंदकात गुडघाभर पाण्यात उभे राहूनही लिहावे लागावयाचे.

अशा पत्रात मनुष्याने आपल्या बायकोविषयी काय लिहावे? वडीलधाऱ्यांच्या देखत तिचे नाव घेणेही आपल्याकडे शिष्टसंमत नव्हते. म्हणून तो बैलांची विचारपूस करी. गाय व्याली काय, विहिरीला पाणी किती हात आहे, बांधावरची बाभूळ तोडू नका, पाभर कोणाकडून मागून आणिली, असे प्रश्न आपल्या शिपायाने घरी विचारले तर घरच्या माउलीस त्यातला अर्थ बरोबर कळत असे. शेत, रान, जनावरे, नक्षत्रे ही मायेची चारचौघांत बोलता येण्याजोगी भाषा होती. सृष्टीचे वर्णन म्हणजे फावल्या वेळचा विलास, अशी शहरी वाचकाची समजूत असते. या पत्रांच्या बाबतीत ती साफ चुकीची आहे.

ही सारी पत्रे वाटेत एका टेबलावरून जात. १९१४ च्या अखेरीस सरकारने हिंदी टपालाचा एक तपासनीस नेमिला. ई. बी. हॉवेल हे त्याचे नाव; मूळचा सिव्हिल सर्व्हिसमधला गृहस्थ. त्याच्या हाताखाली निरनिराळ्या भाषा जाणणारी माणसे निवडक पत्रे उघडून वाचीत, त्यांतील उतारे इंग्रजीत उतरवीत आणि दर आठवड्यास अहवाल वरिष्ठांकडे जाई. बहुतेक पत्रे मग चिकटवून पुढे रवाना होत. थोडी अडकवून ठेवीत. या व्यवस्थेचा परिणाम मोठा विलक्षण झाला. मूळ पत्रे आपापल्या गावी पोहोचली आणि कसर, वाळवी, चुलीतला जाळ व पावसाळी गळती यांच्या स्वाधीन झाली. इंग्रजी उतारे मात्र लंडनच्या दप्तरखान्यात सुरक्षित राहिले. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि डेव्हिड ओमिसी नावाच्या इतिहासकाराने त्यांतील निवड १९९९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. बोलणाऱ्याची भाषा गेली, ऐकणाऱ्या परक्याची राहिली. मायबोलीत उच्चारलेले झाडाचे नाव ‘झाड’ एवढ्याच अर्थाच्या इंग्रजी शब्दात विरघळले असेल, ही हळहळ तो ग्रंथ चाळताना मला पानोपानी होते.

तरीसुद्धा जे उरले आहे ते थोडके नाही. फ्रान्सच्या शेतीची वाखाणणी या उताऱ्यांत वारंवार भेटते. जमिनीचा कस, फळांनी लगडलेली सफरचंदाची झाडे, दुभत्या गाईंची निगा, घोड्यांनी ओढावयाचे नांगर, आणि पुरुष लढाईवर गेलेले असता बायकांनी एकटीने रेटलेली शेतीची कामे, या गोष्टी शिपायांनी बारकाईने टिपिल्या व घरी कळविल्या. कित्येकांनी त्यावरून मुलींना शाळेत घालण्याचा आग्रहही धरिला. शेतकऱ्याची नजर मोठी चिकित्सक असते; ती सौंदर्य पाहते तेव्हा त्याच वेळी उत्पन्नही मोजते. यात मला काही उणे वाटत नाही. ज्या डोळ्यास रानाचे मोल ठाऊक, त्यासच त्याची शोभा खरी दिसते.

लढाईचे भीषण वर्णन करावयाची वेळ आली तेव्हाही उपमा शेतातूनच आल्या. तोफगोळ्यांच्या वर्षावास श्रावणातली झड, मेलेल्या माणसांस विळ्याखाली पडलेले पीक किंवा पानगळीतील पाचोळा, जखम बरी होताच पुन्हा आघाडीवर पाठविलेल्या शिपायास भट्टीत दुसऱ्यांदा टाकिलेला दाणा! हे अलंकार कोणी शास्त्री पढवून गेला नव्हता. आणि वनस्पतींचा आणखीही एक उपयोग शिपायांनी केला. काळी मिरी म्हणजे हिंदी पलटणी व तांबडी मिरची म्हणजे गोरे शिपाई, असा संकेत ठेवून, काळी मिरी संपत आली आहे असे घरी कळविण्यात आले. अर्थ उघड होता: इकडे फार माणसे मेली, भावाला भरती होऊ देऊ नका. तपासनिसाच्या हे ध्यानात आले नाही असे नव्हे. आडवळणाने सांगण्याच्या या कलेपुढे कात्रीचा पुरता उपाय चालत नाही, असे त्याने स्वतःच वरिष्ठांस कळविले होते. तेव्हा अशा पत्रात पिकापाण्याचे वर्णन आले की वाचणाऱ्याने दोनदा थांबावे. ते खरोखर पिकाविषयी असेल, किंवा नसेलही.

त्याच खंदकांतून गोऱ्या शिपायांनीही पत्रे लिहिली, आणि त्यांत चंडोल पक्षी जागोजाग गातो. पहाटे तोफा थंडावल्या की तो खंदकांवरून उंच चढे. साकी या टोपणनावाने लिहिणारे मन्रो हे १९१६ मध्ये पडण्यापूर्वी आघाडीवरील पक्ष्यांवर एक निबंध लिहून गेले. येशूसंघीय धर्मगुरू तेलार द शार्दँ हे त्या युद्धात मोरोक्कन शिपायांच्या पलटणीत जखमी वाहून नेण्याचे काम करीत होते. ते भूस्तरशास्त्रज्ञ, आपल्या चुलतबहिणीस त्यांनी आघाडीवरून लिहिलेली पत्रे १९६१ मध्ये छापली गेली. पुण्याच्या पेपल सेमिनरीत शिकत असताना त्यांचे इंग्रजी भाषांतर माझ्या हाती आले आणि माती व मनुष्य यांविषयी एकाच श्वासात बोलणारा तो लेखक मला फार जवळचा वाटला. तेलार यांना स्वतःची लेखणी होती, एकान्त होता, आणि वाचणारी व्यक्ती एकच होती. आमच्या शिपायास यांतले काहीच नव्हते. तुलना करिताना हा भेद विसरता कामा नये.

१९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्समधून हलविण्यात आले. परंतु मराठ्यांचे खरे स्मशान निराळ्याच देशी तयार होत होते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, पुण्याची सहावी डिव्हिजन टायग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने गेली होती. १०३ वी, ११० वी व ११७ वी या मराठा पलटणी तीत होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईनंतर माघार घ्यावी लागली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारा येथे सारे सैन्य वेढ्यात सापडले. नदीने तीन बाजूंनी वळसा घातलेले ते गाव. चौथ्या बाजूस तुर्कांचे मोर्चे. तेथून घरी टपाल जाण्याची वाट बंद झाली. जवळजवळ पाच महिने हजारो घरांत पत्र आले नाही. आलेल्या पत्रांविषयी आपण इतके बोलतो. न आलेल्या पत्रांचाही इतिहास आहे, आणि वेढा म्हणजे काय हे आपल्या गावांना त्याच रीतीने कळले.

या वेढ्यातील एक हकीकत प्रस्तुत विषयाशी अगदी निगडित आहे. अन्न संपत आले तेव्हा घोडे मारून खाण्याचा हुकूम झाला. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नाकारिले. सेनापती टाउनशेंड यांनी हिंदुस्थानातून धर्मपुढाऱ्यांच्या संमती तारेने मागविल्या, तरी एप्रिल उजाडेपर्यंत पुष्कळांचे मन वळले नाही. पीठ माणशी काही औंसांवर आले, भाजीपाला मुळीच नाही, आणि हिरड्या सुजवून रक्त आणणारा स्कर्व्ही रोग पसरला. तेव्हा हे शिपाई तटबंदीच्या आतल्या मोकळ्या जागेत रानभाजी शोधू लागले. आपल्या माय-आज्यांनी दुष्काळात केले तेच! तांदुळजा, पाथरी, घोळ, चिघळ यांवर ज्या घरांनी दिवस काढिले होते, त्या घरांतील मुलगा परक्या नदीच्या गाळात ओळखीचे पान धुंडीत होता. घोळ त्या देशीही होते आणि तेथील लोक ती आवडीने खातात. परंतु रान परके होते. ओळखीच्या पानासारखे दिसणारे प्रत्येक पान ओळखीचे नव्हते. विषारी पाला पोटात गेल्याने कित्येकांना बाधा झाली. रानाचे ज्ञान हे स्थळाशी बांधलेले असते, ते शिधापिशवीत घालून नेता येत नाही, याचे याहून कठोर उदाहरण माझ्या वाचनात नाही.

२९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. हिंदी शिपायांना वाळवंटातून चालवीत नेले आणि रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामास जुंपले. अनेक जण वाटेत व तळांवर मेले. १९२२ मध्ये फौजेची नवी रचना झाली तेव्हा या जुन्या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत एकत्र झाल्या व बेळगाव हे तिचे ठाणे ठरले.

त्याच मेसोपोटेमियात, त्याच वर्षांत, एक दुसरे कार्य शांतपणे चालले होते. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथील लष्करी अधिकाऱ्यांस पक्षी, सरडे, मासे, फुलपाखरे यांचे नमुने जमवून धाडण्यास उत्तेजन दिले. १९१५ ते १९१९ या काळात फौजेतील मंडळींनी जे गोळा केले त्यावरून इराकच्या प्राणिसृष्टीची पाहणी सोसायटीने १९२३ मध्ये ग्रंथरूपाने छापिली. संस्था आपली, काम मोलाचे. आमच्याच झेवियर महाविद्यालयातील फादर ब्लॅटर हे त्या मंडळात अग्रेसर असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ; अरबस्थानच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९१९ पासून भागाभागाने निघू लागला. या सर्वांविषयी मला आदर आहे. परंतु अशा ग्रंथांत नावे येतात ती अधिकाऱ्यांची. बंदूक वाहणारा, दलदलीत उतरून पडलेला पक्षी उचलून आणणारा, तंबूत दिवा धरून उभा राहणारा शिपाई अनामिक राहतो. निसर्गप्रेमी कोणास म्हणावे याचा निकाल अशा रीतीने छापखान्यातच लागून जातो.

एक पक्षी मात्र दोघांनाही सारखाच ओळखीचा. आपल्याकडे शाळू हुरड्यावर आला की भोरड्यांचे थवे उतरतात आणि पोरे माळ्यावर उभी राहून गोफण फिरवितात. या गुलाबी मैना येथे वीण करीत नाहीत. त्यांचे माहेर तुर्कस्थान, इराण व मध्य आशिया या बाजूस. गोफण घेऊन ज्याने लहानपण घालविले, तोच पुढे बंदूक घेऊन भोरड्यांच्या मुलुखाच्या दाराशी उभा राहिला.

दुसऱ्या महायुद्धाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याचे कागद अधिक असले तरी माझ्या मते त्यांत रान कमी आहे. टपालाची तऱ्हाच पालटली होती. पत्राचे लहानसे छायाचित्र काढून विमानाने धाडण्याची एअरग्राफ नावाची युक्ती १९४१ पासून प्रचारात आली. कागद चिमुकला, मजकूर मोजका. मध्यपूर्वेतील हिंदी फौजेच्या पत्रांचे पाक्षिक गोषवारे तपासनीस काढीत. त्यांत शेताच्या शोभेऐवजी धान्याचा भाव, रॉकेलची टंचाई आणि घरी मनीऑर्डर पोहोचली की नाही याची काळजी दाटलेली आहे. मार्च १९४१ मध्ये इरिट्रियातील केरेनच्या उघड्याबोडक्या खडकाळ डोंगरांवर मराठा पलटणी लढल्या. १९४४ व १९४५ मध्ये इटलीत यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. पहिल्याने प्राण देऊन.

परंतु वडूजकरांनी १९४२ हे साल विशेष पाहावे. २१ जून १९४२ रोजी तोब्रुक पडले आणि दुसरी मराठा पलटण शत्रूच्या हाती सापडली. त्यानंतर ऐंशी दिवसांनी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, आपल्या याच गावी कचेरीवर निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडिल्या. वडगाव येथील परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मे झाले. एकाच तालुक्यातील एक भाऊ राजाच्या पलटणीत आणि दुसरा राजाच्या गोळीसमोर, असा तो काळ. या दिवसाची वार्ता परदेशी असलेल्या शिपायास घरच्या मंडळींनी कशी कळवावी? टपाल दोन्ही बाजूंनी उघडले जात होते. उघड लिहिणे शक्य नव्हते. पाऊस झाला, पेरणी लांबली, रान पेटले, अशा शब्दांत सांगण्याची जुनी विद्या आपल्या लोकांस अवगत होतीच.

या स्मरणिकेच्या संपादकांनी लेखास जागा दिली ती एका हेतूने, आणि तो येथे नमूद करून रजा घेतो. ज्या घरी आढ्याच्या तारेला ओवलेले, ट्रंकेच्या तळाशी किंवा देव्हाऱ्यामागे ठेविलेले असे एखादे लष्करी पत्र, कार्ड अगर मनीऑर्डरीची पावती अजून शिल्लक असेल, त्या घरच्या मंडळींनी, मग ती कोणत्याही धर्माची वा जातीची असोत, ती चर्चच्या कचेरीत आणून दाखवावी. आम्ही तिचे छायाचित्र घेऊन मूळ कागद त्याच दिवशी परत करू. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकमध्ये दाबून बंद करू नये, उन्हात वाळवू नये. मोडी लिपीतील मजकूर वाचता येत नाही म्हणून तो टाकून देऊ नये. वाचणारे अजून आहेत. आणि पत्र हरवले असले, पण त्यात कोणते झाड, कोणते जनावर, कोणत्या विहिरीची चौकशी होती हे घरातील आजीस आठवत असेल, तर तिच्या शब्दांत, तिने उच्चारलेल्या नावानेच, ते लिहून आणावे.